वीस यार्डांवरचे हरिण



कामगार चळवळीतल्या माणसाचे नाव व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर दिसले की श्रोते बोनस, महागाई आणि कामगार कायदे ऐकण्याच्या तयारीने येतात. आजचा विषय वाचून काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. ती चूक नाही. जमिनीवरच्या आडोशात बसून धनुष्यबाणाने हरणाची शिकार कशी करतात, हे मी आज सांगणार आहे. हा विषय चालकांनी माझ्या गळ्यात घातलेला नाही, मी तो आपण होऊन मागून घेतला.

त्याचे कारण आधी सांगतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीवर थांबले. पुढचे सारे विदर्भातल्या एका कागद कारखान्याच्या पाळ्यांमधून आणि युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांतून झाले. काही वर्षांपूर्वी कागद कामगारांच्या एका भेटीनिमित्त मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गेलो होतो. तिथे फॉक्स नदीच्या काठाने कागदगिरण्या आहेत. ज्यांच्या घरी मी उतरलो ते यजमान एका गिरणीत मशीनवर होते आणि युनियनच्या शाखेचे खजिनदारही होते. ते वर्षभर साठवलेली रजा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घेतात आणि ती एका कापडी खोपटात स्टुलावर गप्प बसून घालवतात, असे मला कळले. ज्याने तीस वर्षे रजेसाठी भांडणे केली, त्याला एखादा माणूस आपली रजा कशावर खर्च करतो ह्याचे कुतूहल असणारच. मी म्हणालो, मलाही न्या. ते म्हणाले, यायचे तर या, पण हलायचे नाही आणि धनुष्याला हात लावायचा नाही. परवाना त्यांच्या नावाचा होता, माझ्या नाही.

शिकार म्हटले की मला वडिलांची गोष्ट आठवते. आमच्याकडच्या जंगलात साहेब आणि जमीनदार शिकारीला येत, तेव्हा वडील पोरवयात हाक्याला जात. साहेब मचाणावर बसायचे आणि गावची पन्नास माणसे डबे बडवीत, आरडाओरडा करीत रान पिंजून जनावर त्यांच्यासमोर आणायची. काट्यांनी पाय फाटायचे हाकाऱ्यांचे, बिथरलेले डुक्कर अंगावर यायचे हाकाऱ्यांच्या, आणि फोटोत बंदूक घेऊन उभे साहेब. वडील हे रागाने सांगत नसत, हसून सांगत. पण माझ्या मनात शिकार ह्या शब्दाचा अर्थ तिथेच पक्का झाला होता: एकाची मौज आणि पन्नासांची वेठ. विस्कॉन्सिनमध्ये मी जे पाहिले त्यात हाकारा नव्हता. सगळे काम, घाण आणि जबाबदारीसुद्धा, एकाच माणसाच्या अंगावर होती. म्हणून मला ते नीट समजून घ्यावेसे वाटले.

थोडा इतिहास सांगतो, फार नाही. अमेरिकेतल्या मूळच्या लोकांनी हजारो वर्षे धनुष्याने हरिण मारले, आणि गोऱ्यांच्या बंदुकीपुढे ती विद्या जवळजवळ बुडाली. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेलेला, एकटा माणूस बाहेर आला. याही जमातीचा तो शेवटचा उरलेला. त्याने आपले खरे नाव कधीच सांगितले नाही. लोक त्याला इशी म्हणू लागले, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त ‘माणूस’. सान फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप नावाचे एक डॉक्टर त्याच्यावर उपचार करीत. त्यांनी त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकून घेतले. हरणाच्या शिकारीआधी इशी मासे खात नसे, तंबाखूचा वास अंगाला लागू देत नसे, पहाटे डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ करी आणि तोंड धुऊन उपाशीपोटी निघे. शिकार नाकाशी असते, डोळ्यांशी नंतर, हे तो जाणत होता. १९१६ साली क्षयाने तो गेला. पोप ह्यांनी १९२३ साली जे पुस्तक लिहिले, त्यावरून अमेरिकेतल्या अनेक हौशी लोकांनी पुन्हा धनुष्य हातात घेतले. ज्यांची जमात पुसून टाकली तिचीच विद्या मग छंद म्हणून शिकायची, ह्यात काय आहे ते मी आपल्यावर सोपवतो.

विस्कॉन्सिनचा ह्यात मान मोठा. १९३४ साली ह्या राज्याने सॉक आणि कोलंबिया ह्या दोन जिल्ह्यांत हरणासाठी केवळ धनुष्याचा असा वेगळा हंगाम ठेवला. चाळीसएक शिकारी आणि त्या वर्षी नोंदलेले हरिण एक! त्या राज्यातले प्रसिद्ध वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड हेही स्वतः धनुष्य तासणारे होते, आणि नेमबाजीत त्यांच्या पत्नी त्यांच्याहून सरस होत्या. आज त्या राज्यात धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो.

आता हत्याराकडे येऊ. आपल्या डोळ्यांसमोर रामाचे धनुष्य असते, किंवा आमच्या रानातला बांबूचा कमठा. यजमानांचे धनुष्य पाहून मी प्रथम विचारले, हे यंत्र कसले? दोन्ही टोकांना लंबगोल चाके, त्यांवरून फिरलेल्या दोऱ्या. १९६० नंतरच्या दशकात मिझूरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थांनी ही युक्ती काढली आणि १९६९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. साध्या कमठ्याची दोरी जितकी मागे ओढावी तितका भार वाढत जातो, आणि पूर्ण ओढीवर हात थरथरू लागतो. ह्या चाकांमुळे भार मध्ये सर्वांत जास्त असतो आणि पूर्ण ओढीवर एकदम उतरतो. ओढताना २७ किलो लागले तर धरून ठेवताना पाच-सहा किलोच हातावर राहतात. कारखान्यात कप्पीने वजन उचलणाऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. पण आडोशातल्या शिकाऱ्याला ह्याचा उपयोग मोठा. हरणाची मान झाडामागे असताना त्याने दोरी ओढायची आणि हरिण दोन पावले पुढे येईपर्यंत न हलता धरून बसायचे. जुन्या धनुष्याने हे कुणाला फार वेळ जमत नाही.

इतके यंत्र झाले तरी बाण तो बाणच. सव्वीस ग्रॅमचा बाण सेकंदाला ऐंशी मीटर वेगाने गेला तर त्यात जी शक्ती असते, तिच्या तीस-चाळीस पट शक्ती हरणाच्या शिकारीच्या बंदुकीच्या गोळीत असते. गोळी धक्क्याने हाडे-मांस फोडते. बाण तसे काही करीत नाही, तो फक्त कापतो. वस्तऱ्यासारखी पाती फुप्फुसातून पार गेली तर हरिण पन्नास-शंभर यार्ड धावते आणि काही सेकंदांत कोसळते. तीच पाती चार बोटे मागे, पोटात गेली, तर ते जनावर तासन् तास जिवंत राहते. म्हणून पाते बोथट असणे हे तिथे पाप समजतात. माझे यजमान जेवणाच्या टेबलावर भिंगाने पाती तपासत आणि त्यांच्या पत्नी ताट ठेवायला जागा मागत.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या हरणाकडे पाहू. हे उत्तर अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरिण. उत्तरेकडचा नर आपल्या चितळाहून थोराड, ठिपके फक्त पाडसांना. घाबरले की शेपटी उभारते, तिची पांढरी बाजू झेंड्यासारखी दिसते आणि बाकीची हरणे समजून घेतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे थेट पाठीमागचा थोडा भाग सोडला तर चहूकडचे दिसते. मात्र आपल्याला दिसतात तितके रंग त्याला दिसत नाहीत. तांबडा-नारिंगी आणि हिरवा ह्यांतला फरक त्याला कळत नाही, निळा मात्र चांगला कळतो. त्यामुळे बंदुकीच्या हंगामात तिथला कायदा माणसाला भडक नारिंगी घालायला लावतो, तो दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो आणि हरणाला खटकत नाही. निळी जीन्स घालून जाणारा मात्र फसतो. मी पहिल्या दिवशी तीच घालून दारात उभा होतो. मला परत आत पाठवण्यात आले.

रंगापेक्षा हालचाल वाईट, आणि हालचालीपेक्षा वास वाईट. हरिण काही वेळा डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. पाय आपटते, मान खाली घालून चरल्याचे सोंग करते आणि झटकन वर पाहते, तुम्ही हलता का ते बघायला. नाकाची मात्र ते पुन्हा परीक्षा घेत बसत नाही. माणसाचा वास आला की संपले. म्हणून आडोसा कुठे घालायचा हे वारा ठरवतो. हरणाकडून माणसाकडे वारा हवा. यजमानांच्या खिशात बारीक पुडीची एक कुपी होती. तासाला दहा वेळा ते चिमूटभर पूड हवेत सोडून ती कुठे जाते ते पाहत. त्यांनी ओकच्या झाडांजवळ तीन जागा हेरून ठेवल्या होत्या, तीन वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी. वारा कोणत्याच जागेला अनुकूल नसला तर? तर घरी बसायचे. रजेतले दोन दिवस आम्ही घरीच बसलो.

ह्या आडोशाला आमच्याकडचे रानातले लोक लपण म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो. फांद्या-पाचोळ्याचे लपण हे सर्वांत जुने. आता चौकोनी, छत्रीसारखे उघडणारे कापडी लपण मिळते, आतून काळेभोर. ते आतून काळे का? दिवसा रस्त्यावरून जाताना घराच्या उघड्या खिडकीतून आतले काही दिसत नाही, आणि आतल्याला आपण स्पष्ट दिसतो. तोच न्याय. पण मागची खिडकी उघडी राहिली तर प्रकाश आत येतो आणि माणसाची आकृती सावलीच्या खेळातल्या बाहुल्यासारखी उमटते. म्हणून पाठीमागचे सर्व बंद, समोर एक-दोन फटी उघड्या, आणि आत बसणाऱ्याच्या अंगात, डोक्यावर, हातांत काळे कपडे. बाहेर पानापानांची नक्षी आणि आत काळोख.

नवे लपण एका रात्रीत उगवले तर हरिण त्याला वळसा घालते. आपल्या गल्लीत एकदम एखादी टपरी उभी राहिली तर आपणही आधी बघून घेतोच. म्हणून ते आठवडे आधी लावतात, त्याच्या कडा झुडपांत लपवतात, म्हणजे हरणे सरावतात. आतल्या जमिनीवरचा पाचोळा झाडून माती उघडी करतात, कारण एक वाळके पान पायाखाली आले तर सकाळ फुकट. स्टूल कुरकुरता कामा नये. बसल्या बसल्या दोरी ओढून पाहतात, धनुष्याचे टोक छताला लागते का, कोपर कापडाला घासते का. आणखी एक गंमत अशी की नेम धरायची खूण बाणाच्या बरीच वर असते. खुणेतून हरिण स्वच्छ दिसते आणि बाण मात्र खिडकीच्या खालच्या काठाला लागतो. यजमानांच्या लपणाला एक ठिगळ होते. मी विचारले नाही, त्यांनीच सांगितले.

झाडावर मचाण बांधून बसणे तिथे जास्त चालते. उंचावरून दिसते लांबवर आणि वासही हरणाच्या डोक्यावरून जातो. पण झाडावरून पडून दर वर्षी माणसे मोडतात, काही मरतात. म्हातारी माणसे, चाकाच्या खुर्चीतली माणसे आणि बापाबरोबर शिकायला आलेली मुले ह्यांच्यासाठी जमिनीवरचे लपण सोयीचे. शिवाय जमिनीवरून बाण आडवा जातो, तेव्हा दोन्ही फुप्फुसे त्याच्या मार्गात येतात. उंचावरून तिरपा गेला तर एखादे चुकू शकते. गैरसोय अशी की हरणाच्या आणि तुमच्या मध्ये फक्त एक कापड असते.

आता ह्या सगळ्याचे मर्म. बाण किती अंतरावरून सोडायचा? यजमान सांगत, वीस यार्ड, म्हणजे अठरा मीटर, ह्या सभागृहाच्या लांबीहूनही कमी. माझ्या मनात आले, बाण तर फुटबॉलच्या मैदानापार जातो, मग ही कंजुषी का? त्यांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला आणि तो मला फार आवडला, म्हणून आपणही ऐका. दोरी सुटताना टणत्कार होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, बाण ८० मीटर. अठरा मीटरवर आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो, बाणाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. म्हणजे हरणाला आधी आवाज ऐकू येतो, मग बाण येतो. आवाज ऐकून पळण्यासाठी उसळी घ्यायची तर आधी पाय दुमडून अंग खाली घ्यावे लागते. ते बाणाला चुकवायला खाली जात नाही, पळायच्या तयारीत जाते, पण बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट, भलत्याच जागी लागतो. अंतर दुप्पट केले की हरणाला मिळणारा वेळही दुप्पट होतो, आणि पडणाऱ्या वस्तूचा नियम असा की दुप्पट वेळात ती चौपट खाली जाते. तेव्हा वीसचे चाळीस यार्ड झाले म्हणजे नेमबाजी दुप्पट अवघड झाली असे नाही. जनावर ठरल्या जागी असेल ह्याची शाश्वतीच जाते.

हरिण कसे उभे आहे तेही पाहायचे. पूर्ण आडवे, किंवा थोडे पाठमोरे तिरके, पुढचा पाय पुढे टाकलेला, तेव्हाच. समोर तोंड करून असेल तर नाही. मागे दुसरे हरिण असेल तर नाही. फांदी आड येत असेल तर नाही. प्रकाश गेला असेल तर मुळीच नाही. १९७३ च्या आरंभानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनात परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि तिथे जे घोकून घेतात ते हेच: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडायचे नाही. मला हे ऐकताना आपला दशरथ आठवला. शरयूच्या काठी रात्री लपून बसलेला, पाणवठ्याला येणाऱ्या जनावराची वाट पाहणारा. लपणातलाच शिकारी तो! घागर बुडाल्याचा आवाज आला, त्याला हत्ती वाटला, आणि शब्दवेधी बाण सुटला. श्रावणबाळाची गोष्ट आपण आईबापांच्या सेवेसाठी सांगतो. यजमानांना ती मी सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, म्हणजे त्याने पाहिलेच नव्हते?

आपल्यापैकी कुणाच्या मनात असेल की इतके सगळे खरे, पण ही हिंसाच ना? हो, हिंसाच. मी तिला दुसरे नाव देणार नाही. मात्र ती ज्या चौकटीत बसवली आहे ती सांगतो, कारण कायदा आणि करार हा माझा धंदा आहे. १९०० सालच्या सुमारास बाजारासाठी झालेल्या कत्तलीने अमेरिकेत ही हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. मांस आणि कातडे विकणाऱ्यांनी ती संपवली, गरजेने खाणाऱ्यांनी नव्हे. त्याच वर्षी बेकायदा मारलेले जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेण्यावर लेसी ह्यांच्या नावाच्या कायद्याने बंदी आली. आज रानातल्या हरणाचे मांस तिथे विकता येत नाही. खा, वाटा, अन्नछत्राला द्या, पण विकू नका. रानातले जनावर जमीनमालकाचे नाही, सगळ्या जनतेचे, आणि राज्य त्याचे विश्वस्त. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला आणि पुढे धनुष्यबाणही त्यात आले. म्हणजे जो वापरतो तोच भरतो. आज त्या देशात ही हरणे तीन कोटींच्या घरात आहेत असा अंदाज सांगतात. लांडगे बहुतेक भागांतून माणसाने आधीच घालवलेले, त्यामुळे आता हरणे रोपे खाऊन जंगल वाढू देत नाहीत आणि मोटारींखाली येतात. विस्कॉन्सिनात २००२ पासून हरणांना झिजवून मारणारा एक रोगही आढळला आहे. त्यामुळे काही भागांत मांस खाण्याआधी तपासून घ्यायला सांगतात.

आपल्याकडचे वेगळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा ठरली. जे उरले होते ते पाहता ते आवश्यकच होते, आणि मला त्यात ढिलाई नको आहे. विदर्भात रोही आणि रानडुकरे शेत रात्रीत साफ करतात तो प्रश्न खरा आहे, पण तो एका वेगळ्या व्याख्यानाचा. मी फक्त इतकेच म्हणेन की मुलगा असताना मामाच्या शेतात माळ्यावर बसून मी जागल केली आहे. लपणात बसल्यावर मला ती आठवली. तेच थंडीने बधिर होणारे पाय, तीच कानांची धार. फरक एवढाच की जागलीत आवाज करून जनावर घालवायचे असते.

आता तिथे पाहिलेले दोन प्रसंग सांगतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अंधारात जाऊन बसलो. दोन तास काही नाही. एक खार, दोन पक्षी. मग समोरच्या ओकखाली एक मादी आली आणि मागून वाढत्या वयाची दोन पाडसे. पंधरा यार्ड. तिच्या नाकातून निघणारी वाफ मला दिसत होती. माझे हृदय असे धडधडू लागले की तिला ऐकू जाईल अशी भीती वाटली. यजमानांजवळ मादीचाही परवाना होता. त्यांनी दोरी ओढली, धरली. एक पाडस सारखे तिच्या पलीकडे उभे राहत होते. मिनिट गेले असेल. त्यांनी हळूच दोरी परत आणली आणि धनुष्य मांडीवर ठेवले. हरणे अर्धा तास ओकची फळे खात राहिली आणि निघून गेली. यजमानांनी मला खुणेने विचारले, पाहिलेत ना? त्यांच्या तोंडावर हुकल्याचे दुःख नव्हते. मी कितीतरी वाटाघाटींत बसलो आहे आणि संपाचा बाण भात्यात ठेवून परत आलो आहे. पण तेव्हा माझा चेहरा असा नसतो.

सहाव्या दिवशी सूर्य मावळायच्या बेतात एक नर आला. आडवा उभा, अठरा-एकोणीस यार्ड. ओढले, थांबले, सोडले. नेमक्या त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकले. मला फक्त एक बद्द आवाज आला आणि पांढरी शेपटी न उभारता, पाठ वाकवून तो झाडीत गेला. मी उठू लागलो तर त्यांनी माझा खांदा दाबून खाली बसवले. अर्धा तास तसेच. मग अंधारात बॅटरी घेऊन बाण शोधला. फुप्फुसाला लागले तर रक्त गुलाबी, फेसाळ असते. हे गडद तांबडे होते, आणि त्यांनी बाण नाकाशी नेऊन वास घेतला, तेव्हा काही न बोलता मान हलवली. बाण मागे लागला होता.

माझ्या मनाने म्हटले, आता लगेच जाऊ, जनावर कळवळत असेल. ते म्हणाले, नाही. आता गेलो तर ते उठेल, जिवाच्या आकांताने मैलभर जाईल आणि कुणालाच सापडणार नाही. सोडले तर जवळच कुठेतरी आडवे होईल आणि तिथेच राहील. दयेने पाय उचलायला सांगितले आणि अनुभवाने रोखले, अशी ती वेळ होती. बाण लागून हाती न आलेली हरणे ह्या शिकारीत असतात, हे तिथले लोक नाकारीत नाहीत. टीकाकारांचा सर्वांत जड मुद्दा तोच आहे आणि मला त्याचे उत्तर माहीत नाही. घरी आलो. ते जेवले नाहीत. रात्री मी दोनदा पाणी प्यायला उठलो, दोन्ही वेळा स्वयंपाकघरात दिवा होता. दुसऱ्यांदा ते म्हणाले, पाऊल उचलताना मी पाहिले होते, बोट थांबले नाही.

पहाटे गारठा पडला होता. आम्ही गुडघ्यांवर बसून माग काढला. एका पानावर थेंब, मग दहा पावले काही नाही, मग गवताच्या पात्यावर पुसट रेघ. प्रत्येक शेवटच्या खुणेपाशी ते कागदाचा तुकडा ठेवीत, म्हणजे मागे वळून पाहिले की दिशा कळते. कागद आमच्याच धंद्याचा, पण त्या दिवशी त्यावर विनोद सुचला नाही. दोनशे यार्डांपेक्षा थोडे पुढे, दलदलीच्या काठाला तो पडलेला सापडला. थंड झालेला. डोळ्याला काडी लावून पाहिले आणि मग ते त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिले.

बाकीचे काम भराभर झाले. तिथला नियम असा की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करायची. ती त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून केली. पोट साफ करताना माझ्याकडून पाय धरून ठेवण्याचे काम करून घेतले, एवढेच मी केले. ओढत नेताना मात्र दोघांची दमछाक झाली. दुपारी शेजारच्या निवृत्त कामगाराला मांडीचा मोठा तुकडा गेला, उरलेले कागदात बांधून तारखा घालून फ्रीजरमध्ये. रजेचे दोन दिवस शिल्लक होते आणि परवानाही. मी विचारले, उद्या कोणत्या लपणात? ते म्हणाले, उद्या नाही. अंगणात गवताची गादी उभी करून ते दोन दिवस वीस यार्डांवरून बाण मारीत बसले, आणि मी बाण वेचून आणून देत होतो.